न दिसणारा माळी
एका नास्तिकाचा प्रश्न आणि ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरं

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत, सप्टेंबर महिन्यात, मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं आणि घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखणं किंवा जी इच्छा, त्या आकाराचं मेण तो माउलीला वाहतो. ख्रिस्ती वाहतात, तसे हिंदूही वाहतात. पाय बरा झाला, तर माउली पावली असं घरोघर सांगितलं जातं. बरा झाला नाही, तर मात्र माउली पावत नाही असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘तिच्या मनात काही वेगळं असेल’, ‘अजून वेळ आली नसेल’, ‘आपलंच काही चुकलं असेल’ अशी वाक्यं ऐकू येतात. जिथे नवस बोलले जातात, तिथल्या कुठल्याही घरात ही वाक्यं ओळखीची आहेत.

इथे एक कोडं आहे. इच्छा पूर्ण झाली तरी देव कृपाळू आणि न झाली तरी देव कृपाळू असेल, तर ‘देव कृपाळू आहे’ या वाक्यानं जगाबद्दल नेमकं काय सांगितलं?

हे कोडं १९५० साली अँटनी फ्ल्यू या इंग्रज तत्त्वज्ञानं ऑक्सफर्डमध्ये एका सभेपुढे मांडलं. त्याचा निबंध जेमतेम हजार शब्दांचा होता. त्यावर ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरं आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शिकवली जातात. देव न मानणाऱ्यानंही ती वाचावीत, कारण माणूस एखाद्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवतो, याच्या वेगवेगळ्या तऱ्हा त्यांत उलगडतात.

पाद्र्याचा मुलगा, ऑक्सफर्डची सभा

फ्ल्यूचा जन्म १९२३ सालचा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि शाळाही त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली यानं स्थापन केलेली. म्हणजे ख्रिस्ती धर्म फ्ल्यूच्या घरातच होता. तरीही पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याचा देवावरचा विश्वास उडाला. सर्वशक्तिमान आणि प्रेमळ देवाच्या जगात इतकं दुःख कसं, हा प्रश्न त्याला सुटत नव्हता.

पुढे ऑक्सफर्डमध्ये तो ‘सॉक्रेटिक क्लब’च्या सभांना जाऊ लागला. स्टेला ऑल्डविंकल यांच्या पुढाकारानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या या मंडळाचे अध्यक्ष होते लेखक सी. एस. लुईस. श्रद्धावंत आणि नास्तिक यांनी समोरासमोर बसून वाद करावा, पुरावा नेईल तिकडे जावं, हा या मंडळाचा बाणा. म्हणूनच ख्रिस्ती लोकांनी चालवलेल्या व्यासपीठावरून धर्माला इतकं कठीण आव्हान दिलं जाऊ शकलं.

त्या काळी तत्त्वज्ञानात एक कडक मत जोरात होतं. ए. जे. एअर यांनी १९३६च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं की, व्याख्येनंच खरी ठरणारी वाक्यं सोडली, तर ज्याचा अनुभवानं पडताळा घेता येतो तेच वाक्य अर्थपूर्ण. देवाविषयीची वाक्यं या कसोटीवर खोटीही ठरत नव्हती, ती निरर्थकच ठरत होती. पण ही कसोटी स्वतःलाच लावली की तीही नापास व्हायची, कारण तिचा पडताळा तरी कोणत्या अनुभवानं घेणार? फ्ल्यूनं हे ताठर मत बाजूला ठेवलं आणि अधिक साधी गोष्ट विचारली.

दावा म्हणजे काय?

‘उद्या पाऊस पडेल’ हा दावा आहे. उद्याचा दिवस कोरडा गेला, तर तो खोटा ठरेल. ‘उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही’ हे वाक्य कधीच खोटं ठरणार नाही, पण त्याच्या भरवशावर कुणी छत्री घेणार नाही किंवा पेरणी करणार नाही. एखादी गोष्ट ठामपणे सांगणं म्हणजे तिच्या उलट गोष्ट नाकारणं. जो दावा काहीच नाकारत नाही, तो काही सांगतही नाही.

विज्ञानाच्या बाबतीत कार्ल पॉपर यांनी १९३४मध्ये अशाच स्वरूपाची कसोटी मांडली होती: जे विधान चुकीचं ठरण्याचा धोका पत्करतं, तेच वैज्ञानिक. फ्ल्यूनं हा प्रश्न देवाकडे वळवला आणि त्यासाठी जॉन विस्डम या तत्त्वज्ञानं १९४४मध्ये लिहिलेली एक कथा आपल्या पद्धतीनं रचली.

दोन प्रवासी जंगलातल्या एका मोकळ्या जागी येतात. तिथे फुलं आहेत आणि तणही आहे. एक म्हणतो, इथे कुणीतरी माळी येत असणार. दुसऱ्याला ते पटत नाही. दोघं तंबू ठोकून पहारा देतात, पण माळी दिसत नाही. पहिला म्हणतो, तो अदृश्य असेल. मग काटेरी तारांचं कुंपण घालून त्यात वीज सोडली जाते, वास काढणारे कुत्रे फिरवले जातात. कुणी ओरडत नाही, तार हलत नाही, कुत्रे भुंकत नाहीत. तरी पहिला ठाम राहतो: माळी आहे, पण त्याला स्पर्श करता येत नाही, विजेचा धक्का बसत नाही, वास नाही, आवाज नाही. शेवटी दुसरा वैतागून विचारतो की, असा माळी आणि मुळीच नसलेला माळी यांत फरक काय उरला?

दुकानदारानं दिलेल्या गॅरंटी कार्डाचं असंच होऊ शकतं. पुढच्या बाजूला ‘पाच वर्षांची हमी’ असं ठळक छापलेलं असतं. मागे बारीक अक्षरांत मोटार जळाल्यास लागू नाही, पाणी गेल्यास लागू नाही, विजेचा दाब वाढल्यास लागू नाही अशा अटी असतात. प्रत्येक अट एकटी पाहिली तर रास्त वाटते. पण अटी वाढत वाढत वस्तूचा प्रत्येक बिघाड त्यांत बसला, तर हमी उरतच नाही. फ्ल्यूचं म्हणणं होतं की, धार्मिक विधानं अशीच मरतात. कोणताही एक घाव त्यांना मारत नाही, हजार पुरवण्या मिळून मारतात.

त्याचं उदाहरण काळीज हलवणारं आहे. बाप लेकरावर प्रेम करतो तसं देव आपल्यावर करतो, असं आपल्याला सांगितलं जातं. आणि मग एक मूल घशाच्या कर्करोगानं मरताना दिसतं. त्याचा ऐहिक बाप जिवाचं रान करतो, पण स्वर्गातला बाप काही करताना दिसत नाही. तेव्हा देवाचं प्रेम माणसाच्या प्रेमासारखं नसतं, ते अगम्य असतं, अशी पुरवणी जोडली जाते. फ्ल्यू विचारतो: काय घडलं म्हणजे, देव प्रेमळ नाही किंवा देव नाहीच, असं तुम्ही मान्य कराल?

पहिलं उत्तर: हा दावाच नव्हे

पहिलं उत्तर आर. एम. हेअर यांचं. हेअर ख्रिस्ती होते. १९४२मध्ये सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांच्या कैदेत सापडले आणि युद्ध संपेपर्यंत युद्धकैदी होते. नीतिशास्त्रातलं विसाव्या शतकातलं हे एक मोठं नाव.

त्यांनी एक वेगळीच कथा सांगितली. एका वेड्या माणसाची खात्री झाली आहे की सगळे प्राध्यापक त्याच्या जिवावर उठले आहेत. मित्र त्याला एकाहून एक प्रेमळ प्राध्यापकांना भेटवतात. तो म्हणतो, पाहिलंत, किती कावेबाज आहेत! कोणताही पुरावा त्याचं मत हलवू शकत नाही. फ्ल्यूच्या कसोटीनं त्याचं म्हणणं पोकळ ठरतं. पण त्याच्यात आणि आपल्यात फरक तर आहेच, आणि तो महत्त्वाचा आहे.

पुराव्याच्या आधीच मनात बसलेल्या या मूलभूत धारणेला हेअर ‘ब्लिक’ म्हणतात. वेड्याची धारणा वेडी, आपली शहाणी, पण धारणा दोघांचीही असते. गाडीत बसताना स्टिअरिंगचं पोलाद मध्येच तुटणार नाही, हे आपण गृहीत धरतो. ज्याला पोलादाचा भरवसाच वाटत नाही, त्याला कितीही चाचण्या दाखवल्या तरी तो गाडीत बसणार नाही. धर्म म्हणजे जगाकडे पाहण्याची अशी एक पायाभूत दृष्टी.

हेअर आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवतात. फ्ल्यूचे प्रवासी बागेकडे त्रयस्थपणे पाहतात. श्रद्धावंताला असं लांबून पाहता येत नाही. जगात काय चाललं आहे, याची त्याला जिवापासून पर्वा असते.

फ्ल्यूचं प्रत्युत्तर सरळ होतं. देवानं जग निर्माण केलं, असं चर्चमध्ये म्हणणारा माणूस केवळ आपली दृष्टी सांगत नसतो. खरोखर एक निर्माता आहे, असं त्याला म्हणायचं असतं. दावा सोडून दिला, तर प्रार्थनेलाही पाया राहत नाही. शिवाय शहाणी धारणा कोणती आणि वेडी कोणती, हे पुराव्याशिवाय ठरवायचं कसं?

दुसरं उत्तर: विरोधी पुरावा मान्य, पण

बेसिल मिचेल यांचं उत्तर मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि त्यांची कथाही युद्धातलीच आहे.

शत्रूनं व्यापलेल्या देशात भूमिगत लढ्यातला एक तरुण एका रात्री एका अनोळखी माणसाला भेटतो. दोघं रात्रभर बोलतात. तो माणूस सांगतो की मी तुमच्याच बाजूचा आहे, किंबहुना लढ्याची सूत्रं माझ्याच हातात आहेत, काहीही झालं तरी माझ्यावर विश्वास ठेव. तरुणाला तो इतका खरा वाटतो की तो शब्द देतो. त्यानंतर त्यांची अशी भेट पुन्हा होत नाही. कधी तो अनोळखी माणूस साथीदारांना मदत करताना दिसतो. कधी शत्रूच्या पोलिसांच्या गणवेशात देशभक्तांना पकडून देताना दिसतो. साथीदार कुरकुरतात. तरुण म्हणत राहतो: तो आपलाच आहे.

माळ्याच्या कथेतल्या श्रद्धावंताहून हा तरुण कुठे वेगळा आहे? विरोधी पुरावा विरोधी आहे, हे तो मान्य करतो. पोलिसांचा गणवेश पाहून त्याला वेदना होतात आणि त्याच्या विश्वासाची कसोटी लागते. फक्त त्या पुराव्याला तो शेवटचा निकाल मानत नाही, कारण त्या रात्रीच्या भेटीतून त्याच्या विश्वासाला आधार मिळालेला आहे.

मिचेल म्हणतात की ‘देव माणसांवर प्रेम करतो’ हे वाक्य तीन प्रकारे धरता येतं. एक, तात्पुरता अंदाज म्हणून, म्हणजे उलट अनुभव येताच सोडून द्यायचा. दोन, श्रद्धेचं अर्थपूर्ण वचन म्हणून. तीन, पोकळ मंत्र म्हणून, ज्यावर कशाचाच परिणाम होत नाही. ख्रिस्ती माणसाला पहिला प्रकार मंजूर नाही. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरण्याचा धोका त्याला कायम असतो, हे मिचेल लपवत नाहीत.

दुःख हा देवाच्या प्रेमाविरुद्धचा पुरावा आहे हे श्रद्धावंत मुळात मान्य करतात, हा मिचेल यांचा मुद्दा फ्ल्यूनं स्वीकारला. पण एक फट दाखवली. अनोळखी माणूस शेवटी माणूस आहे. त्याला अडचणी असतील, शत्रूला फसवायचं असेल. सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान देवाला कोणती अडचण? तिथे पुन्हा पुरवण्या जोडाव्या लागतात.

सर्वशक्तिमान देवाचं काय?

१९५५मध्ये फ्ल्यूनं हाच धागा पुढे नेला: सर्वशक्तिमान देवाला अशी माणसं घडवता आली असती, जी स्वतंत्र असूनही नेहमी चांगलंच निवडतील. जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानंही त्याच वर्षी असाच युक्तिवाद केला.

अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४मध्ये त्याचं काटेकोर उत्तर दिलं. माणूस काय निवडेल हे देवानंच पक्कं केलं, तर ती निवड माणसाची राहत नाही. स्वतंत्र माणसं हवीत आणि त्यांनी कधीच चुकू नये, ही हमी देवालाही देता येणार नाही, अशी शक्यता उरते. तेवढी शक्यता पुरेशी आहे, कारण ती असेल तर ‘देव आणि दुष्टाई एकत्र असूच शकत नाहीत’ हा युक्तिवाद कोसळतो.

प्लँटिंगा यांनी देव आणि दुःख यांत तार्किक विसंगती नाही एवढंच दाखवलं. त्या मुलालाच कर्करोग का, याचं कारण त्यांनी दिलं नाही आणि तसा दावाही केला नाही. माणसाचं स्वातंत्र्य युद्धाचं आणि खुनाचं कारण सांगू शकतं, पण आजाराचं आणि भूकंपाचं कारण सांगताना त्याची ओढाताण होते. इथे जॉन हिक यांनी १९६६मध्ये वेगळी वाट सुचवली होती: हे जग माणसाच्या सुखासाठी रचलेलं नाही, त्याच्या आत्म्याची घडण होण्यासाठी आहे, आणि संकटं नसतील तर धैर्य आणि करुणाही नसतील.

तिसरं उत्तर: रस्ता संपल्यावर कळेल

हिक यांनी फ्ल्यूच्या मूळ प्रश्नालाही उत्तर दिलं. १९६०च्या त्यांच्या लेखात दोन वाटसरू एकाच रस्त्यानं चालले आहेत. दुसरा रस्ताच नाही. एकाच्या मते रस्ता स्वर्गीय नगरीला जातो, दुसऱ्याच्या मते कुठेच जात नाही. वाटेतली सावली आणि ठेचा दोघांच्या वाट्याला सारख्याच येतात. प्रवासात त्यांच्या अपेक्षा वेगळ्या नसतात. पण शेवटचं वळण आलं की एक बरोबर ठरेल आणि दुसरा चूक. म्हणजे त्यांचा वाद पोकळ नव्हता.

मरणोत्तर जीवन असेल तर श्रद्धावंताचा दावा सिद्ध होईल. नसेल, तर तो खोटा ठरल्याचं कळायला कुणी उरणारच नाही. सिद्ध होऊ शकतो पण खंडित होऊ शकत नाही, असा दावा असू शकतो का? हिक गणितातलं उदाहरण देतात: ‘पाय’च्या दशांश अंकांत कुठेतरी सलग तीन सात येतात. सापडले की विधान सिद्ध. सापडेपर्यंत मात्र पुढे कुठेतरी असतील, असं म्हणता येतं. तरीही हे विधान निरर्थक नाही.

चौथं उत्तर: कसोटीच तपासा

काहींनी फ्ल्यूच्या कसोटीकडेच बोट दाखवलं. विरोधी पुरावा दिसताच दावा सोडायचा, हा नियम विज्ञान तरी पाळतं का? युरेनस ग्रहाचा मार्ग न्यूटनच्या गणिताशी जुळत नव्हता. शास्त्रज्ञांनी न्यूटनला सोडलं नाही. न दिसणारा एक ग्रह त्याला ओढत असेल, असं ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं मांडलं, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. मग बुध ग्रहाची कक्षाही जुळेना. ल व्हेरिए यांनी १८५९मध्ये पुन्हा एक न दिसणारा ग्रह सुचवला. तो कधीच सापडला नाही. तिथे न्यूटनचं गणितच अपुरं होतं, हे १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं दाखवलं.

एकाच शास्त्रज्ञाची एकच युक्ती एकदा फळली, एकदा फसली. चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे एका पुराव्यावरून ठरत नाही. सगळं चित्र एकत्र पाहावं लागतं. मिचेल यांनी १९७३च्या पुस्तकात श्रद्धेचं समर्थन असंच, अनेक धागे एकत्र वळून करावं, असं सुचवलं. पुढे ऑक्सफर्डमध्ये मिचेल यांच्याच अध्यासनावर आलेल्या रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९मध्ये देवाच्या अस्तित्वाचा विचार संभाव्यतेच्या भाषेत मांडला. त्यात दुःख हा उणे बाजूचा पुरावा म्हणून प्रामाणिकपणे मोजला जातो.

ख्रिस्ती परंपरेत आणखी एक धागा फार जुना आहे. करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलानं स्वतःच अट घातली होती: ख्रिस्त मरणातून उठला नसेल, तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. ‘काय घडलं तर तुम्ही हार मानाल’ या प्रश्नाचं हे थेट उत्तर आहे. म्हणूनच १९८५मध्ये फ्ल्यू आणि गॅरी हॅबरमास हा ख्रिस्ती अभ्यासक यांच्यात पुनरुत्थानाच्या ऐतिहासिक पुराव्यावर जाहीर वाद झाला. देवाविषयीचा दावा तिथे इतिहासाच्या मैदानात उतरला होता.

फ्ल्यूचं पुढे काय झालं?

२००४ साली, ऐंशी ओलांडलेल्या फ्ल्यूनं जाहीर केलं की सृष्टीमागे एखादी बुद्धी असावी असं आपल्याला आता वाटतं. सजीवांमधली गुंतागुंत हे त्याचं एक कारण होतं. २००७मध्ये या बदलावर पुस्तक आलं. ते सहलेखकानं किती घडवलं आणि वयोमानाचा किती परिणाम होता, यावर कडवा वाद झाला. फ्ल्यू ख्रिस्ती मात्र झाला नाही. माणसांच्या जीवनात लक्ष घालणारा देव आणि मरणोत्तर जीवन त्यानं शेवटपर्यंत मानलं नाही. २०१०मध्ये तो वारला.

या घटनेला श्रद्धेचा विजय म्हणणं चूक आहे. एका माणसाचं मत बदललं म्हणून त्याचा जुना प्रश्न सुटत नाही.

थोडक्यात

• फ्ल्यू: कोणत्याही घटनेनं खोटा न ठरणारा दावा काहीच सांगत नाही.
• हेअर: श्रद्धा हा दावा नाही, ती जगाकडे पाहण्याची पायाभूत दृष्टी आहे. अडचण: शहाणी दृष्टी कशी ओळखायची?
• मिचेल: दुःख विरोधी पुरावा आहे, पण विश्वासाला आधीचा आधार आहे. अडचण: देवाला सबब कोणती?
• प्लँटिंगा: देव आणि दुष्टाई यांत तार्किक विसंगती नाही. अडचण: प्रत्यक्ष दुःखाचं कारण कळत नाही.
• हिक: निकाल मरणानंतर लागेल. अडचण: आज हातात काही नाही.
• उत्तरकालीन मिचेल, स्विनबर्न: सगळा पुरावा एकत्र तोला. अडचण: तोलणाऱ्यांचं एकमत होत नाही.

या वादानं काय दिलं?

फ्ल्यूच्या प्रश्नानं श्रद्धेचं नुकसान केलं, असं मला वाटत नाही. त्यानं ख्रिस्ती विचारवंतांना पोकळ वाक्यांपासून दूर व्हायला भाग पाडलं. आधी श्रद्धा म्हणजे दावा की दृष्टी, हे सांगावं लागलं. मग दुःख पुराव्यात मोजायचं की नाही, हे ठरवावं लागलं. मिचेल यांनी मोजायचं ठरवलं, म्हणून त्यांचं उत्तर मला टिकाऊ वाटतं.

याचा परिणाम पुस्तकांपुरता राहत नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला ‘सगळं भल्यासाठीच असतं’ असं सांगणं, म्हणजे तिच्या दुःखाला पुराव्यातून वगळणं. ‘आपलंच काही चुकलं असेल’ हे तर त्याहून क्रूर, कारण देवाला वाचवण्यासाठी त्यात तिला आरोपी केलं जातं. मिचेल यांच्या वाटेनं जाणारा श्रद्धावंत तिला सांगेल की हे जे घडतं आहे ते माझ्या विश्वासाच्या विरुद्ध जातं, मला त्याचं कारण ठाऊक नाही, तरी मी विश्वास सोडलेला नाही. नास्तिकाला हे पटणार नाही, आणि ते न पटण्यात काही गैर नाही. पण त्या आईचं दुःख खरं आहे, यावर त्या दोघांचं एकमत असेल, आणि तिच्यासाठी काय करता येईल याचा विचार त्यांना तिथून एकत्र करता येईल.